चामडे कशावर ठेवून कापायचे? ठोकळ्याचा इतिहास आणि मालकीचा सवाल



समजा, वेळणेश्वरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात आपल्या वाडीतल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने चामड्याचे काम सुरू करायचे ठरवले. पट्टे, पाकिटे, चाव्यांच्या साखळ्या आणि जोडीला चपलांची दुरुस्ती. गावाला समुद्र आहे, शंकराचे जुने देऊळ आहे, सुट्टीत पर्यटकांची रांग लागते. वाळूत आणि खाऱ्या पाण्यात चपलांचे पट्टे तुटतातच. म्हणजे गिऱ्हाईक आहे. रापी आणि आरी तालुक्याच्या बाजारात मिळेल, चामडे मुंबईहून मागवता येईल. मग पहिली अडचण येते ती अगदी साधी: चामडे ठेवायचे कशावर? कापायचे कशावर?

मोबाईलवर शोधले तर रेघा आखलेली हिरवी चटई दिसते आणि तिची किंमत पाहून माणूस मागे सरतो. घरातल्या फरशीवर कापले तर दोन दिवसांत रापीची धार जाते. फळीवर कापले तर रेघ वाकडी जाते. चार तुकडे वाया गेले की "आपल्याला हे जमणार नाही" असा निष्कर्ष निघतो. खरे तर हात चुकलेला नसतो, खालचा आधार चुकलेला असतो.

ही सुतारकामाच्या तपशिलाची गोष्ट वाटेल. "चळवळीच्या लेखात ठोकळ्याचे काय काम?" असेही कुणी विचारेल. आमचे म्हणणे असे की या ठोकळ्यात आपला मोठा इतिहास दडला आहे. आपल्या माणसांच्या हातात कसब होते. त्या हाताखाली जे हवे होते, ती जागा, तो दगड, ते लाकूड, ते भांडवल, ते मात्र दुसऱ्याच्या ताब्यात होते. म्हणून स्वस्त आणि टिकाऊ ठोकळा कसा निवडावा हे आम्ही सांगणार आहोतच, पण त्याआधी तो आजवर आपल्याला का निवडता आला नाही हे पाहू.

आरी-रापीचे नाव झाले, ठोकळ्याचे नाही

संत रोहिदासांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. त्यातल्या एका पदात ते आपल्या धंद्याच्या दोन हत्यारांची नावे घेतात, आरी आणि रापी. इतक्या शतकांपूर्वी एका श्रमिक संताने आपली हत्यारे धर्मग्रंथात नेऊन बसवली ही साधी गोष्ट नाही. पण ज्यावर चामडे ठेवतात त्या वस्तूचे नाव त्या पदात येत नाही. आपल्या घरात लावलेल्या रोहिदासांच्या तसबिरी पाहा. चेहऱ्याभोवती तेजोवलय असते, हातात जोडा असतो. समोरच्या दगडाकडे किंवा लाकडाकडे कुणाचे लक्ष जात नाही.

हत्यार हातात असते म्हणून ते दिसते. ठोकळा जमिनीवर असतो, हलत नाही, चमकत नाही. त्यावर घाव पडतात आणि ते तो मुकाट्याने सोसतो. गावगाड्यात आपल्या समाजाची जागा याहून वेगळी नव्हती.

या कामाला खरे तर एक नव्हे, दोन आधार लागतात आणि दोन्हींचे स्वभाव उलट आहेत. चामडे आरपार कापताना आणि भोक पाडताना खालचा आधार किंचित मऊ हवा. रापीचे टोक चामड्यातून पार झाले की ते कशात तरी अलगद रुतले पाहिजे, आपटता कामा नये. कडा तासून पातळ करताना आणि तळ कुटताना मात्र आधार कठीण आणि सपाट हवा, कारण तो दबला तर चामडे एकसारखे तासले जात नाही. म्हणून जाणता कारागीर लाकूड आणि दगड दोन्ही जवळ ठेवतो. पिढ्यान्‌पिढ्या कामातून सिद्ध झालेले हे ज्ञान आहे. ते पोथीत लिहिले गेले नाही, म्हणून ते ज्ञान नव्हे असे मानायचे का?

ठोकळ्याच्या अलीकडे विटाळ, पलीकडे माल

आता त्या ठोकळ्यावर काय घडते ते पाहा. मेलेले जनावर ओढण्याचे काम महारावर लादलेले. कातडे कमावण्याचे काम ढोराकडे. कमावलेल्या चामड्याचे जोडे, मोट, पखाली करण्याचे काम चांभाराकडे. चामड्याच्या वाद्या-दोरांचे काम अनेक ठिकाणी मांगाकडे. एकाच वस्तूचा हा प्रवास आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळी जात. शिवाय प्रत्येक जातीला वाटायचे की आपण खालच्यापेक्षा थोडे वर आहोत. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात तिचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या निबंधात त्यांनी सांगितले की जात म्हणजे श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे. चामड्याच्या प्रवासात हे वाक्य डोळ्यांनी पाहता येते.

या प्रवासात ठोकळा हे वळणाचे ठिकाण आहे. त्याच्या अलीकडे जे आहे त्याला विटाळ मानतात. त्यावर रापी चालली, तुकडे जोडले गेले, टाके पडले, की पलीकडे निघतो तो माल. तोच जोडा घालून पाटील चावडीवर जातो, तीच मोट ब्राह्मणाच्या मळ्यात पाणी उपसते. वस्तूचा विटाळ सरतो, वस्तू करणाऱ्याचा मात्र तसाच राहतो. मूल्य ज्या ठिकाणी जन्माला येते ते ठिकाण आपले, आणि मूल्य जाते दुसरीकडे.

बलुत्याने ही लूट कायमची केली. वर्षभर गावाची पायताणे आणि मोटा सांभाळायच्या आणि सुगीला खळ्यावर धान्याची वाट पाहायची. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. गावाच्या रचनेची माहिती म्हणून ते आजही वाचले जाते, पण बलुतेदारांकडे पाहण्याचा त्याचा सूर हा कुणब्यावर पडणाऱ्या भाराचा आहे. आम्ही उलटा प्रश्न विचारतो: धान्यात मिळालेल्या मजुरीतून भांडवल कसे उभे राहणार? धान्य खाल्ले की संपले. त्यातून नवा ठोकळा येत नाही, चांगले पोलाद येत नाही, छप्पर येत नाही. बलुते पोटापुरते देत होते आणि पोटापुरतेच देण्यात त्याची चलाखी होती.

गावातून मुंबईला गेलो तरी हे सुटले नाही. कापडगिरणीतल्या मागावर धोटा फेकणारा पिकर म्हशीच्या कातड्याचा असे. यंत्रे फिरवणारे पट्टे चामड्याचे असत. कातडे मागाला चालत होते. पण विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ इतरांना चालत नव्हता. हेच खाते जास्त पगाराचे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. जनावराच्या कातड्याला मागावर जागा आणि माणसाला नाही, हे ब्राह्मणी अर्थशास्त्र!

कोकणातला पेच: दगड जांभा, जमीन खोताची

आता रत्नागिरी जिल्ह्याकडे येऊ. इथे दगडाची काय कमी, असे घाटावरच्या माणसाला वाटेल. चिरेखाणी आहेत, जिकडे पाहावे तिकडे लाल कातळ आहे. पण हा दगड जांभा. खाणीतून काढताना तो नरम असतो, हवेत राहून टणक होतो, घर बांधायला उत्तम. मात्र त्याला सगळीकडे छिद्रे असतात. जांभ्याच्या चिऱ्यावर चामडे तासायला घ्या, प्रत्येक छिद्राचा वण चामड्यावर उमटेल. म्हणजे दारात दगड असून कामाचा दगड बाहेरून आणायचा. घरात काळ्या दगडाचा जुना पाटा असतो, मिक्सर आल्यापासून तो अडगळीत पडला आहे. पण त्याला टाकी लावलेली असते. वाटणाला ती खरबरीत पाठ हवी, चामड्याला नको.

लाकडाचेही तसेच. आंबा, फणस, चिंच, भेंडी, उंडी, नारळ, पोफळी यांनी हा किनारा भरलेला आहे. पण झाड कुणाच्या जमिनीत उभे आहे? रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत बसला होता. कुळाच्या पिकातला वाटा त्याचा, वेठ घेण्याची मनमानी त्याची. अशा गावात ज्याच्या नावावर हातभर जमीन नाही त्याने चिंचेचा बुंधा मागायला कुणाच्या दारात जायचे? गेला तर अंगणाबाहेर उभे राहून मागायचे आणि मिळाले तर उपकार म्हणून घ्यायचे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने जायला १९४९ उजाडले. या लढ्याची चर्चा आपण कुळांच्या आणि भाताच्या अंगाने करतो, ती बरोबरच आहे. पण खोतीविरोधी लढा कारागिराचाही होता. जमीन ज्याची, झाड त्याचे. झाड ज्याचे, ठोकळा त्याचा.

२०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलते हे चांगलेच आहे. पाटीखालच्या माणसाच्या कामाला पक्की जागा मिळते का, हे आपल्याला बघायचे आहे.

त्याग आणि पोट

चळवळीतले काही मित्र म्हणतील: "बाबासाहेबांनी तर हे धंदे सोडायला सांगितले. तुम्ही पुन्हा चामड्याकडे का वळवता?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि शिळ्यापाक्या तुकड्यांची लाचारी सोडायला सांगितले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी एक जुनी आठवण सांगितली. मेलेली ढोरे ओढणे सोडल्यामुळे महारांचे वर्षाला पाचशे रुपयांचे नुकसान होते, असा हिशेब कुणी 'केसरी'त छापून आणला होता. त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे होते की मग हा फायदा तुम्हीच का घेत नाही? तुम्ही ओढा, वर पाचशे रुपये मी देतो. यात कामाची निंदा नाही. काम जन्माने लादण्याला आणि वर त्यातला नफा शिकवण्याला दिलेला तो तडाखा आहे. बळजबरी नाकारणे ही पहिली पायरी. ती ज्यांनी घेतली त्यांच्यामुळेच आज आपण "करावे की न करावे" हा प्रश्न विचारू शकतो.

याच कोकणात दुसरा एक प्रयोग झाला. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन जन्माने ब्राह्मण. १९३२ मध्ये तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागून घेण्याचा आग्रह धरला. १९४८ मध्ये कणकवलीला, जी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होती, त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला आणि मेलेल्या जनावरांची कातडी सोडवण्या-कमावण्याचे काम स्वतः हाती घेतले. त्यांच्या प्रामाणिकपणावर आम्ही शंका घेत नाही. आपल्या जातीचा रोष पत्करून त्यांनी ते केले. पण समाजाने ते कसे वाचले ते पाहा. एका ब्राह्मणाने कातड्याला हात लावला तर तो त्याग ठरला, त्याची चरित्रात नोंद झाली. हजारो चांभार-ढोरांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केले तर ते त्यांचे कर्म ठरले आणि नोंद झाली ती जातीच्या रकान्यात. कातडे एकच, ठोकळा एकच, मोजमाप मात्र दोन! गांधीवादी मार्ग कामाची प्रतिष्ठा वाढवू पाहत होता, पण ते काम कुणी करायचे हे जातीने ठरवू नये, एवढी साधी गोष्ट कायद्याने आणि भांडवलाने कशी घडवायची याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. ते उत्तर आंबेडकरी विचाराकडे आहे.

आणि चर्मकार समाज या विचारापासून दूर होता असे कुणी म्हणत असेल तर तो इतिहास अर्धवट आहे. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर चर्मकार समाजातले होते. पां. ना. राजभोज चर्मकार समाजातले. पर्वती आणि काळाराम मंदिर सत्याग्रहात ते होते, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे ते सरचिटणीस होते आणि १९५२ मध्ये सोलापुरातून लोकसभेवर निवडून गेले. हेही खरे की १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांसमोर क्रिकेटवीर पी. बाळू यांना उभे केले, तेही चर्मकार समाजातलेच. आपल्यात फूट पाडण्याचे डाव जुने आहेत. पण फूट पडली म्हणून सोबत चाललेल्यांची नावे पुसायची नसतात.

स्वस्त म्हणजे काय? १९१८ चे उत्तर

आता कामाच्या मुद्द्याकडे. स्वस्त ठोकळा कोणता? याचे उत्तर देण्याची रीत आम्हाला बाबासाहेबांच्याच एका लेखात सापडते. १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय या विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला. सगळे म्हणत होते की जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे. बाबासाहेब म्हणाले, तुकडा लहान की मोठा हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्यावर किती भांडवल, किती अवजारे, किती श्रम लागले आहेत, त्या प्रमाणावरून ते ठरते. एकच तुकडा एकाला मोठा आणि दुसऱ्याला लहान असू शकतो.

हाच नियम ठोकळ्याला लावा. फुकट मिळालेली फरशी रोज रापीची धार घालवत असेल, तर रोजचा अर्धा तास धार लावण्यात जातो. तो अर्धा तास मजुरीचा आहे. वाकड्या फळीमुळे एका कातडीत दोन पट्टे कमी निघत असतील, तर ती फळी महाग पडली, कारण या धंद्यात सर्वांत महाग वस्तू चामडे आहे. उलट, महिन्याला चार चपला दुरुस्त करणाऱ्याने भारी चटई घेणे म्हणजेही पैसे बुडवणे. ठोकळ्याची किंमत एकट्याची पाहू नका. धार, चामडे, वेळ आणि येणारे काम या चौघांशी तिचे प्रमाण पाहा. गरीब माणसाला स्वस्तातली वस्तू घेऊन महागात पडण्याची सवय या व्यवस्थेने लावली आहे. ती सवय मोडणे हाही अर्थशास्त्राचा धडा आहे.

मग निवड कोणती?

*कापण्यासाठी उभ्या तंतूंचे लाकूड.* झाडाचा बुंधा आडवा कापला की जी गोल पाठ मिळते तिच्यात लाकडाचे तंतू उभे असतात. रापीचे टोक त्या तंतूंच्या मधे शिरते आणि उचलले की खाच बरीचशी मिटते. धार टिकते, ठोकळाही टिकतो. खाटीक मांस तोडायला चिंचेचा ओंडका वापरतो तो याच कारणाने: चिंचेचे लाकूड चिवट आणि घट्ट. वखारीत किंवा रस्ता रुंदीकरणात पडलेल्या झाडाचा असा तुकडा जळणाच्या भावात मिळू शकतो. साधारण वीतभर उंचीचा घ्या. मात्र ओले लाकूड लगेच कामाला लावू नका. दोन्ही तोंडांना मेण किंवा जुना रंग फासून सावलीत ठेवा, म्हणजे तडे कमी जातील. वाळायला इंचाला वर्ष असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे, म्हणून आधीच वाळलेला तुकडा मिळाला तर तोच पाहावा. कोकणातल्या पावसात त्यावर बुरशी येते. पावसाळ्यात तो जमिनीला टेकू देऊ नका, खाली दोन पट्ट्या ठेवा. पाठ खडबडीत झाली की रंधा किंवा खरकागद मारून पुन्हा सपाट करा. वर्षानुवर्षे चालेल.

*आडवी फळी* तात्पुरती चालते, पण रापी तंतूंच्या दिशेने ओढली जाते आणि रेघ वाकते. *प्लायवूड*ही तसेच, त्यातला डिंक धार मारतो आणि वरचा थर ढलप्यांनी उडतो.

*नारळाचा सोट* वेळणेश्वरात पावलोपावली मिळेल, म्हणून त्याचा मोह होईल. तो टाळा. नारळ हे माडाच्या जातीचे झाड, त्याला इतर झाडांसारखी वाढीची वर्तुळे नसतात. बाहेरचा भाग लोखंडासारखा, आतला भुसभुशीत. पाठ कधीच एकसारखी झिजणार नाही.

*तासण्यासाठी आणि कुटण्यासाठी दगड.* घराच्या ओट्याला ग्रॅनाइट बसवताना सिंकसाठी मधला भाग कापून काढतात. तो गुळगुळीत तुकडा मिस्त्रीकडे किंवा फरशीच्या दुकानात पडून असतो. मागून घ्या, नाहीतर थोड्या पैशात घ्या. कडप्प्याचा तुकडाही तासायला चालतो, पण जाड बघून घ्या. पातळ असेल तर हातोडीने फुटतो. काच तासायला छान, कुटायला कधीच नाही. आणि दगडावर आरपार कापू नका, भोकपंचही मारू नका. एका घावात पंचाचे तोंड जाईल.

*भोक पाडण्यासाठी* स्वयंपाकघरातला जाड प्लास्टिकचा पाट ठोकळ्यावर ठेवा. पाणी पीत नाही, धुता येतो, झिजला की उलटा करता येतो. कापायला तो दुय्यम, कारण खाच पडली की पुढची रेघ त्याच खाचेत घसरते. खाली जाड रबराचा तुकडा घातला तर आवाजही कमी होतो. पण गाडीच्या टायरचा तुकडा कापायच्या पाठीला नको. बहुतेक टायरांत पोलादी तारा असतात आणि रापी त्यांच्यावर आपटते.

*हिरवी चटई* वाईट नाही. पातळ चामडे, सरळ पट्ट्या, हलका कटर असेल तर तिच्यावरच्या रेघा उपयोगी पडतात. पण रापीचा जोर, पंचाचा घाव आणि कोकणातले ऊन तिला सोसत नाही. काम जमले, मागणी वाढली, की लहान आकाराची घ्या. सुरुवात तिने करायची गरज नाही.

म्हणजे हिशेब असा: एक वाळलेला ओंडका, एक ग्रॅनाइटचा तुकडा, एक प्लास्टिकचा पाट. तिन्ही मिळून एका चांगल्या चटईपेक्षा स्वस्त आणि कित्येक पटींनी टिकाऊ.

एक गोष्ट उंचीची. आपले आजे-पणजे जमिनीवर बसून कापत. त्या बैठकीत रापीवर अंगाचा भार देता येतो, हे तिचे शहाणपण. पण गुडघे आणि कंबर चाळिशीत जातात, हे तिचे मोल. ठोकळा मजबूत टेबलावर, उभे राहिल्यावर कोपराच्या थोडा खाली येईल असा बसवा. उभे राहूनही भार देता येतो. शिवणकाम बसून करा, कापणे उभ्याने. जमिनीवरून टेबलावर येणे हा सोयीचा मुद्दा आहेच. पण ज्याला रस्त्याकडेला सर्वांच्या पायांच्या पातळीवर बसवून ठेवले, त्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्यात डोळे घालून भाव सांगणे हा त्याच्यापुढचा मुद्दा आहे.

सरकारी पेटी आणि आपली मागणी

चर्मोद्योगासाठी राज्याने १९७४ मध्ये महामंडळ काढले, जे आज संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाते. गटई कामगारांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या १८ व्यवसायांत चर्मकाम आहे, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज आहे. हे घ्या. हक्काचा पैसा सोडू नका. हत्यारे घेताना नुसती चमकणारी पेटी पाहू नका, ठोकळा आणि दगड त्यात बसतो का ते विचारा.

पण डोळे उघडे ठेवून घ्या. या योजनेची भाषा कुटुंबाच्या पारंपरिक व्यवसायाची आहे. बापाचा धंदा मुलाने करावा, याला परंपरा म्हणून गोंजारणे आणि १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यावर घाव घातला ते जन्माने काम ठरवणे, यांत अंतर किती? चर्मकाराच्या मुलीला संगणक शिकायचा असेल तर तिला तिथे तितकीच मदत मिळाली पाहिजे. बौद्ध, मराठा, आगरी, मुसलमान कुणालाही चामड्याचे काम शिकायचे असेल तर त्याला या टेबलाशी जागा हवी. ज्या दिवशी ठोकळ्यापुढे उभ्या माणसाची जात ओळखता येणार नाही, त्या दिवशी तो ठोकळा मोकळा झाला असे आम्ही म्हणू.

आणि बाजाराकडेही पाहा. २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली आणि कोल्हापुरी चपलेच्या कारागिरांना कच्च्या मालाची चणचण जाणवली. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलीच चप्पल आणली आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर नाव घेतले. ठोकळ्याच्या अलीकडे विटाळ आणि पलीकडे माल, हे आपण वर म्हटले. आता माल पार युरोपच्या रंगमंचावर गेला आहे. नफा ठोकळ्यापर्यंत परत येईल की नाही हे ठोकळा कुणाच्या मालकीचा आहे आणि त्याच्यामागे किती संघटित माणसे उभी आहेत यावर ठरेल.

म्हणून मागणी नेमकी करूया. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी गटारात आणि दिव्याच्या खांबात जिरतो. वेळणेश्वर असो की दुसरे कुठलेही किनाऱ्यावरचे गाव, ग्रामसभेत लेखी अर्ज द्या: समाजमंदिराच्या एका खोलीत सामायिक कामाचे टेबल, तीन ओंडके, दोन दगड, चांगला उजेड, आणि शिकायला येणाऱ्या कुणालाही, मुलींना आधी, खुले. अर्जाची पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात खर्चाचा हिशेब मागा. खर्चाच्या मानाने ही मागणी लहान आहे आणि म्हणूनच ती नाकारणाऱ्याला कारण सांगणे अवघड जाईल.

ज्याला हा धंदा नको त्याने खुशाल सोडावा, मान ताठ ठेवून सोडावा. ज्याला करायचा आहे त्याने तो जातीचे ओझे म्हणून न करता स्वतःच्या मालकीच्या साधनांनी, हिशेब शिकून, भाव ठरवून करावा. आरी आपली होती, रापी आपली होती. आता ठोकळाही आपल्या नावावर हवा, आणि तो ज्या जमिनीवर उभा आहे तीसुद्धा.

जय भीम! जय रोहिदास!